चालू अ‍ॅम्पवर फर्मवेअर अपडेट टाकावं का?

सूरपेटी (विश्रामबाग, सांगली)

मंडळी, एक निर्णय होत नाहीये म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी ओढून वाजवणारा) आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात असलेलं यंत्र आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवर जाते आणि मूळ प्रश्न राहून जातो. सगळ्या सीडी फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) करून कॉम्प्युटरवर ठेवल्यात, फोनमधल्या कंपनीच्या अ‍ॅपमधून लावतो. बहुतेक संग्रह किराणा घराण्याच्या मैफलींचा. त्रास एकच आहे. सीडीवर मैफलीचे तुकडे पाडलेले असतात, विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या. ट्रॅक बदलताना क्षणभर आवाज तुटतो. सुटी गाणी ऐकणाऱ्याला हे जाणवणारही नाही. पण इथे तानपुरे चालू असतात, गायक षड्जावर येऊन थांबलेला असतो, समोरून दाद येत असते, आणि सगळं एकदम गप्प. मग तानपुऱ्यासकट पुन्हा सुरू. त्या एका क्षणात मैफलीतून उठवल्यासारखं होतं.

आता फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, अपडेटची सूचना येतेय. कंपनीच्या पानावर चार ओळी आहेत: नेटवर्कवरून सलग वादन सुधारलं, एअरप्लेच्या (अ‍ॅपलच्या फोनवरून वायफायने गाणी लावायची सोय) सुरक्षेतली दुरुस्ती, टीव्हीच्या ईएआरसी जोडणीत (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने अ‍ॅम्पकडे आणणारी) आवाज तुटायचा तो दोष काढला, आणि शेवटी, हे टाकल्यावर मागच्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही.

ती चौथी ओळ वाचून हात थांबला. बाकी यंत्र उत्तम चालतंय. वॉरंटी संपलेली, सर्व्हिस सेंटर पुण्याला, आणि वळीव सुरू झालाय. संध्याकाळी लाईट कधी जाईल सांगता येत नाही. काय करावं?

हळदपेठ

चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय? राहू द्या तसंच.

कृष्णाकाठ

हळदपेठ, पण गाडा चालतोय कुठे? त्यांना जे ऐकायचंय नेमकं तेच तुटतंय. मी अपडेटच्या बाजूने. माझ्याकडेही बहुधा हेच यंत्र आहे, टीव्हीला ईएआरसीने जोडलेलं. बातम्या बघताना आवाज एक-दोन सेकंद जातो. तिसरी ओळ वाचून मला तर आजच टाकावंसं वाटतंय.

मिरज_जंक्शन

आजच टाकू नका. आधी आभाळ बघा.

मी दुरुस्तीचं काम करतो, अ‍ॅम्प, रिसीव्हर, साउंडबार, जे येईल ते. गेल्या पावसाळ्यात एक रिसीव्हर टेबलावर आला. मालकाने वायफायवरून अपडेट लावलं, पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाईट गेली. परत आली तेव्हा कंपनीचं चिन्ह दिसायचं आणि तिथंच थांबायचं. रिमोट नाही, पुढची बटणं नाहीत, काही नाही. डबा झाला.

आत काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती कशाची धरायची ते कळेल. यंत्राचा प्रोग्रॅम एका फ्लॅश चिपमध्ये असतो. अपडेट म्हणजे त्या चिपमधलं जुनं पुसून नवं लिहिणं. पुसून झालंय आणि लिहून व्हायचंय, एवढ्या वेळात वीज गेली तर चिपमध्ये ना जुनं राहतं ना नवं. सुरुवातीचा छोटा भाग, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो शाबूत असला तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा भरता येतं. तोही गेला तर खोकं उघडून चिपवर क्लिप लावावी लागते आणि प्रोग्रॅमरने लिहावं लागतं. माझ्याकडे सीएच३४१ए आहे, स्वस्तातलं असतं. पण बऱ्याच चिपा ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या. व्होल्टेज न बघता लावलं तर चिपच जाते. आणि लिहायचं काय, हा मोठा प्रश्न. त्याच मॉडेलच्या चांगल्या चिपमधली प्रत मिळाली तरच. म्हणून माझ्याकडे चांगल्या स्थितीतलं काही दुरुस्तीला आलं आणि मालकाने परवानगी दिली, की मी आधी चिप वाचून ठेवतो.

तो रिसीव्हर उठला. पण तसंच मॉडेल ओळखीतल्या एकाकडे होतं म्हणून.

वालचंद_माजी

जंक्शनभाऊंनी सांगितलं ते एका चिपेच्या, एकाच प्रतीच्या रचनेला लागू आहे. मी फर्मवेअर लिहिण्याच्याच नोकरीत आहे (ऑडिओ नाही, वीजमीटर), त्यामुळे थोडी भर घालतो.

हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत फ्लॅशमध्ये दोन कप्पे असतात. चालू आवृत्ती एकात, नवी दुसऱ्यात उतरते. पूर्ण उतरली, तिची डिजिटल सही आणि बेरीज (फाइल कंपनीचीच आणि शाबूत आहे याची खूण) तपासली गेली, की मगच यंत्र पुढच्या वेळी नव्या कप्प्यातून सुरू होतं. मधे वीज गेली तरी जुना कप्पा जसाच्या तसा. नवी आवृत्ती सुरूच झाली नाही तर काही यंत्रं आपोआप जुन्यावर परततात.

तुमच्या यंत्रात कोणती रचना आहे हे कंपनी सहसा सांगत नाही, पण अंदाज बांधता येतो. फाइल उतरत असताना गाणी वाजत राहत असतील आणि शेवटी फक्त एकदा बंद-चालू होत असेल, तर बहुधा दोन कप्पे. सुरुवातीलाच सगळं बंद होऊन पडद्यावर टक्केवारी येत असेल आणि "वीज बंद करू नका" अशी ताकीद असेल, तर जपून. मॅन्युअलमध्ये रिकव्हरी मोड लिहिलाय का तेही बघा.

आणि "मागे जाता येणार नाही" ही ओळ केवळ आडमुठेपणा नसते. सुरक्षेतलं भोक बुजवल्यावर कुणी मुद्दाम जुनी आवृत्ती टाकून ते पुन्हा उघडू नये, म्हणूनही ती वाट बंद करतात.

जवारी

मिरजेत तंतुवाद्यांचं काम करतो. मशीनमधलं मला कळत नाही, पण परत न येण्याचं कळतं. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडी कानसीने घासतो. एक हात जास्त फिरला तर ते घासलेलं परत येत नाही, घोडीच बदलावी लागते. म्हणून गिऱ्हाईक म्हणालं "आवाज अजून खुलवा", तर मी आधी विचारतो, नक्की कुठल्या तारेचा? सगळ्याच खुलवा म्हणणाऱ्याची घोडी मी घासत नाही. दोन दिवस घरी वाजवा आणि मग या, म्हणतो.

सूरपेटींचा दोष एकाच तारेचा आहे. तो कुठून येतोय ते आधी शोधा.

वालचंद_माजी

जवारीदादा, फ्लॅश पुन्हा पुन्हा लिहिता येते, घोडी तशी नाही. पण तुमचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे. सूरपेटी, काही गोष्टी सांगा:

फाइल खरोखर फ्लॅकच आहेत ना? एमपी३ असतील तर खोट फाइलमध्येच असू शकते. एमपी३ बनवताना ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. लेम एन्कोडर तिचं माप फाइलमध्ये नोंदवून ठेवतो, प्लेअरने ते वाचून तेवढं कापलं तरच सलग ऐकू येतं. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही, नमुन्याला नमुना जुळतो.

सीडी कॉपी करताना "ट्रॅकच्या टोकांची शांतता काढा" असा काही पर्याय चालू होता का?

आणि महत्त्वाचं. तेच दोन ट्रॅक पेन ड्राइव्हवर टाकून, ड्राइव्ह थेट यंत्राला लावून वाजवलेत का?

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. मी माझ्या डॅकवर (डिजिटल फाइलचा आवाज बनवणारं यंत्र) मागच्या वर्षी अपडेट टाकलं आणि आवाजात फरक पडला. खर्ज मोकळा झाला, तबल्याच्या बायाची घुमक स्पष्ट झाली. लोक म्हणतील मनाचे खेळ, पण घरच्यांनाही जाणवलं. अपडेट म्हणजे नुसती दुरुस्ती नसते, कंपन्या आवाजही सुधारतात. फक्त भीतीपोटी थांबू नका.

हळदपेठ

फर्मवेअरने खर्ज मोकळा होतो? तारा त्याच, स्पीकर तेच.

वालचंद_माजी

होऊ शकतो, हळदपेठ. अजिंक्यतारांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. डॅकमध्ये डिजिटल फिल्टर असतो आणि अपडेटमध्ये त्याचा मूळ पर्याय बदललेला असू शकतो. खोलीनुसार आवाज जुळवणारी यंत्रणा असेल तर अपडेटनंतर तिची मापं पुसली जातात. मग बास वेगळा ऐकू येणारच, कारण दुरुस्तीच बंद झालेली असते.

पण सगळ्यात जास्त वेळा बदलते ती पातळी. अर्ध्या डेसिबलने जरी आवाज वाढला तरी कान त्याला "मोठा" म्हणत नाही, "मोकळा" म्हणतो, "स्पष्ट" म्हणतो. म्हणून तुलना करताना दोन्ही बाजूंची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची पद्धत आहे, आणि काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला माहीत नसावं.

यंत्राला ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल आउटपुट असेल तर याहून सोपा मार्ग आहे. अपडेटच्या आधी एक तुकडा डिजिटलच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा, नंतर तोच तुकडा पुन्हा. एकाची पोलॅरिटी उलटी करून (इन्व्हर्ट) दुसऱ्यात मिसळा. काहीच उरलं नाही तर त्या टप्प्यापर्यंत फर्मवेअरने आवाजाला हात लावलेला नाही, हे पक्कं.

अजिंक्यतारा

पातळीचं मी तपासलं नव्हतं, हे खरं. पण बाया मला वेगळा ऐकू आला, यावर मी ठाम आहे. पुढच्या वेळी रेकॉर्ड करून इथेच टाकतो.

औदुंबर

तुमची चर्चा वाचतोय. माझ्याकडे आजही तबकड्याच आहेत. ७८ च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच जागा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांचं जे गाणं आज आपल्या कानावर येतं ते याच तीन मिनिटांतलं. आलापीचा एवढा मोठा गवई, आणि तबकडी म्हणते आता आटपा. तरी त्या तीन मिनिटांत त्यांनी स्वर असा लावला की मिरजेच्या दर्ग्यात आजही उरुसाला त्यांच्या नावाने गाणारे येतात.

म्हणून सूरपेटी, तुमची तक्रार मला लहान वाटत नाही. तेव्हा तुटायचं कारण त्या काळाचं यंत्र होतं. आज पूर्ण मैफल हातात असताना तुटणं सोसू नका.

कृष्णाकाठ

काका, लाख बोललात.

जवारीदादा, थोडं अवांतर: २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कामावर काही फरक पडला का?

जवारी

नाव झालं, बाहेरून चौकश्या येतात. भोपळा अजून पंढरपूरकडचाच आणि जवारी अजून हातानेच. पोरांनी हे काम शिकायला बसावं, एवढं त्या मानांकनातून झालं तर मिळवलं. असो, सूरपेटींच्या धाग्यावर माझं पुराण नको.

नेटवर्कवाली

मूळची इस्लामपूरची, आता पुण्यात नेटवर्क सुरक्षेचं काम करते. इथे सगळे आवाजाचं बोलताहेत, मला दुसऱ्या ओळीची काळजी वाटते.

एप्रिल २०२५ च्या शेवटी ओलिगो या सुरक्षा कंपनीने एअरप्लेमधल्या त्रुटी जाहीर केल्या, एअरबोर्न या नावाने. अ‍ॅपलने आपल्या यंत्रांसाठी दुरुस्त्या काढल्या. पण एअरप्लेचा तयार कोड इतर कंपन्यांच्या स्पीकरांत आणि रिसीव्हरांतही असतो. तिथे दुरुस्ती पोचायची तर त्या त्या कंपनीने फर्मवेअर काढायला हवं आणि ग्राहकाने ते टाकायला हवं. यातल्या काही त्रुटींमध्ये मालकाने कुठेही बोट लावायची गरज नव्हती. हल्लेखोर त्याच वायफायवर असला की पुरे. "माझ्या घरच्या वायफायवर कोण येतंय" असं म्हणू नका. पाहुणे, शिकवणीची मुलं, शेजारी, पासवर्ड किती जणांकडे आहे ते आठवून बघा.

आणि "काहीच न करणं" हाही सुरक्षित पर्याय असतोच असं नाही. मार्च २०२५ मध्ये जगभरातली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (टीव्हीला किंवा स्पीकरला लावायची गूगलची छोटी यंत्रं) एका दिवसात चालेनाशी झाली. मालकांनी काहीही केलं नव्हतं. आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने सांगितलं की फॅक्टरी रीसेट करू नका, आणि काही दिवसांनी अपडेट पाठवून ती उठवली. ज्यांनी घाईने रीसेट केलं त्यांना जास्त निस्तरावं लागलं. नेटवर्कला जोडलेलं यंत्र आपण आणलं तसंच कायम राहील, हे गृहीत धरता येत नाही.

मिरज_जंक्शन

ताई, तुमचं पटतं. पण त्याच मार्च २०२५ मधली दुसरी बातमीही सांगा ना. सॅमसंगच्या एचडब्ल्यू-क्यू९९०डी या साउंडबारवर १०२०.७ क्रमांकाचं अपडेट आलं आणि लोकांचे साउंडबार बंद पडले. ना लाईटीचा दोष ना मालकाचा, खोट अपडेटमध्येच होती. कंपनीने फुकट दुरुस्ती दिली. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, नवं अपडेट आलं की दोन-तीन आठवडे थांबा. जगात कुणाचं काय झालं ते बाहेर येतं. आणि ऑटो अपडेट बंद करून ठेवा. रात्री तुम्ही झोपलेले असताना यंत्राने स्वतःच लिहायला घेऊ नये.

नेटवर्कवाली

आवाजाच्या सुधारणेसाठी थांबा, हरकत नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीला मी इतकं थांबणार नाही. इथे आपलं जुळणार नाही, जंक्शनभाऊ.

द्राक्षबाग (तासगाव)

माझा साधा प्रश्न. घरी इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तर तो घेतोच की. मग एवढी भीती कशाला?

मिरज_जंक्शन

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बटण असतं, एक इको किंवा नॉर्मल, दुसरं यूपीएस. इकोवर असला तर लाईट गेल्यावर उचलायला वेळ जास्त घेतो. पंखा, दिवा यांना कळत नाही. पण आपल्या विजेची एक सायकलच २० मिलिसेकंदांची. दोन सायकली हुकल्या तर एखादं यंत्र तग धरतं, एखादं बंद होऊन पुन्हा सुरू होतं. अपडेटच्या मधोमध पुन्हा सुरू झालं की संपलंच. म्हणून यूपीएस मोडवर टाका. त्याहून बरं म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस मधे लावा. ६०० व्हीए पुरतो, कारण अपडेटच्या वेळी अ‍ॅम्प काही वाजवत नसतो, वीज कमी ओढतो.

एक जपा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प सुरू होताना एकदम झटका घेतो. तो घरच्या लाईटीवर असतानाच सुरू करा, यूपीएस बॅटरीवर असताना नको. आणि जास्त करून विसरतात ते राउटरला. अ‍ॅम्प यूपीएसवर आणि राउटर भिंतीवर. लाईट गेली की फाइल अर्धवट.

त्यापेक्षा कंपनी फाइल देत असेल तर पेन ड्राइव्हवरून करा. ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायचा, फाइल कुठल्याही फोल्डरात न ठेवता उघडी ठेवायची, तिचं नाव बदलायचं नाही. झिप असेल तर आधी उघडायची.

द्राक्षबाग

आमचा इन्व्हर्टर इकोवरच निघाला. बदलला. धन्यवाद भाऊ.

कृष्णाकाठ

आणि वेळ सकाळची धरा. वळीव दुपारनंतरचा. शेजारी भडंगाचा पुडा घेऊन बसा, पट्टी शंभरावर कधी गेली कळणार नाही.

हळदपेठ

भडंग खात बसा, पण तेलकट हाताने रिमोट धरू नका.

अजिंक्यतारा

एक मुद्दा राहिला. अपडेटने सगळंच सुटतं हाही भ्रम आहे. २०२० साली डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही नव्या रिसीव्हरांत ४के १२० हर्ट्झचं चित्र काही गेमिंग कन्सोलवरून येतच नव्हतं. लोक फर्मवेअरची वाट बघत बसले. दोष निघाला एचडीएमआयच्या चिपमध्येच. शेवटी डेनॉन-मरांट्झने एक वेगळा अ‍ॅडॉप्टर फुकट दिला आणि यामाहाने बोर्ड बदलून दिला. चिपेतला दोष प्रोग्रॅमने किती झाकणार?

तेव्हा सूरपेटी, वालचंद_माजींनी सांगितलेली पेन ड्राइव्हची चाचणी करा आधी. मी अपडेटवाला असूनही सांगतोय.

सूरपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या केल्या, सविस्तर लिहितो.

फाइल फ्लॅकच आहेत. कॉपी करताना शांतता काढण्याचा पर्याय बंद होता. कॉम्प्युटरवर हेडफोन लावून ते दोन ट्रॅक ऐकले, जोड कळतही नाही. म्हणजे फाइल चोख.

मग पेन ड्राइव्ह थेट यंत्राला लावला. विलंबित संपलं, तानपुरा तसाच चालू, द्रुत सुरू. कुठेही तुटलं नाही! पुन्हा लावून बघितलं, दुसऱ्या मैफलीचे ट्रॅक टाकून बघितलं. सलग. फोनच्या अ‍ॅपमधून लावलं की मात्र तुटतं.

वालचंद_माजी

मग उलगडा जवळ आलाय. यंत्राच्या आत सलग वाजवण्याची क्षमता आहे, आजच्या फर्मवेअरमध्येच आहे. तुटतंय ते नेटवर्कच्या वाटेवर.

घरच्या कॉम्प्युटरवरून गाणं लावता तेव्हा फोनमधलं अ‍ॅप गाणं पाठवत नाही, यंत्राला फक्त त्याचा पत्ता देतं. यंत्र कॉम्प्युटरकडून फाइल ओढतं. सलग वाजायचं तर चालू ट्रॅक संपायच्या आधीच अ‍ॅपने पुढचा पत्ता देऊन ठेवायला हवा. यूपीएनपीमध्ये (घरच्या नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती पद्धत) त्यासाठी वेगळा हुकूम आहे, सेट-नेक्स्ट-एव्ही-ट्रान्सपोर्ट-यूआरआय. हा हुकूम ऐच्छिक आहे, म्हणजे काही यंत्रांना तो समजत नाही आणि काही अ‍ॅप तो देतच नाहीत. अ‍ॅपने ट्रॅक संपल्यावर पत्ता दिला तर मधे खंड पडणारच.

आता दोनच शक्यता. एकतर यंत्राला तो हुकूम कळत नाही, मग अपडेट लागेल. नाहीतर कंपनीचं अ‍ॅप तो देत नाही, मग अ‍ॅप बदलून भागेल. अँड्रॉइड फोन असेल तर बबलयूपीएनपी टाका. त्यात तुमचं यंत्र निवडून सेटिंगमध्ये गॅपलेसचा (सलग वादनाचा) पर्याय चालू करा आणि तेच दोन ट्रॅक लावा.

औदुंबर

म्हणजे घराला कुलूप नसताना भिंत पाडायला निघाले होते काय सगळे?

जवारी

मी म्हणालो होतो, तार आधी शोधा.

सूरपेटी

बबलयूपीएनपी टाकलं, गॅपलेस चालू केलं. तुटत नाही! काल रात्री पूर्ण मैफल एका बैठकीत ऐकली. विलंबितमधून द्रुतमध्ये जाताना गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तो श्वास कधी पोचलाच नव्हता.

म्हणजे ज्या कारणासाठी मला अपडेट हवं होतं ते कारणच उरलं नाही. परतीची वाट बंद करणारं अपडेट मी आत्ता टाकणार नाही. नेटवर्कवालीताईंची दुसरी ओळ मात्र मनात आहे. घरात कुणाकडे अ‍ॅपलचा फोन नाही, एअरप्ले आम्ही कधी वापरलंच नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, बंद केलं. पुरेसं आहे का?

नेटवर्कवाली

त्या विशिष्ट त्रुटीपुरतं, हो. वापर नसेल तर एअरप्ले बंद ठेवा, असा सल्ला ओलिगोनेही दिला होता. बंद केल्यावर यंत्र एकदा पूर्ण बंद-चालू करा आणि सेटिंग टिकलं का बघा. एखाद्या पाहुण्याच्या आयफोनवरून यंत्र दिसतंय का तेही बघा. दिसत नसेल तर झालं. राउटरचा पासवर्डही बदला, आणि पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू करा.

पण हे कायमचं धरू नका. उद्या यंत्रात दुसरी त्रुटी निघाली आणि ती वापरातल्या भागातली असली, तर ते भोक झाकायला असं बटण मिळणार नाही. तेव्हा हेच किंवा याच्या पुढचं अपडेट घ्यावंच लागेल.

सूरपेटी

तेव्हा घेईन. पेन ड्राइव्हवरून, सकाळी, यूपीएस लावून. तोवर सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवतो.

मिरज_जंक्शन

फोटो उत्तम. आत्ताच्या आवृत्तीचा क्रमांकही त्यातच येऊ द्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या यंत्रात कुठली आवृत्ती होती हेच सांगता येत नाही, आणि मग फाइल शोधणं अवघड होतं.

कृष्णाकाठ

आता माझं काय? माझा त्रास टीव्हीचा आहे, ईएआरसीचा. मी टाकू की थांबू?

वालचंद_माजी

कृष्णाकाठ, तीच पद्धत. आधी एचडीएमआय केबल बदलून बघा, टीव्हीवरचा दुसरा पोर्ट नको, ईएआरसी लिहिलेलाच पोर्ट. मग टीव्हीत ईएआरसी बंद करून साध्या एआरसीवर (त्याच जोडणीची जुनी पद्धत) चालवा. तरीही आवाज जात असेल तर दोष केबलचा किंवा टीव्हीचा असण्याची शक्यता जास्त. साध्या एआरसीवर ठीक आणि ईएआरसीवरच तुटत असेल, तर अपडेटमधली तिसरी ओळ बरोबर तुमच्यासाठी आहे. टीव्हीचं स्वतःचं फर्मवेअर कधीचं आहे तेही बघा, हे दोघांचं संभाषण आहे.

कृष्णाकाठ

केबल बदलली, फरक नाही. साध्या एआरसीवर दिवसभर चालवलं, एकदाही आवाज गेला नाही. ईएआरसी चालू केलं की पुन्हा तेच. टीव्हीचं अपडेट ताजंच आहे. म्हणजे मी टाकतो. बातम्यांना साधं एआरसी पुरतं, पण सिनेमाला पूर्ण आवाज हवा म्हणूनच तर हे यंत्र घेतलं. शेजाऱ्यांचा यूपीएस मागितलाय. अ‍ॅम्प आणि यूपीएसमध्ये एक्स्टेंशन बोर्ड चालेल ना?

मिरज_जंक्शन

चालेल, पण त्या बोर्डावर दुसरं काही लावू नका, आणि बोर्डाचं बटण घरातल्या पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. लाल दिव्याचं बटण दिसलं की ती दाबतातच. टीव्ही आणि बाकी सगळ्या केबल काढून ठेवा, फक्त पेन ड्राइव्ह लावलेला असू द्या. संपल्यावर यंत्र स्वतः पुन्हा सुरू होईपर्यंत हात लावू नका, पडदा काळा दिसला तरी.